बाल्कनीतल्या कुंड्या: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मी पुण्यात सिंहगड रोडला चौथ्या मजल्यावर राहते, बाल्कनी दहा बाय चार फूट, तोंड पश्चिमेला. अकरा वर्षं झाली कुंड्या सांभाळतेय आणि बिल्डिंगमधले, माहेरचे, मुलीच्या शाळेतल्या इतर आया, सगळे जवळपास तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. जे स्वतः करून बघितलंय तेवढंच लिहिलंय.

मी बाल्कनीत काय लावू?

हा प्रश्न झाडाचा नाहीच, उन्हाचा आहे. नर्सरीत जायच्या आधी एक रविवार घरी काढा आणि सकाळी आठ, दहा, बारा, दोन आणि चारला बाल्कनीत जाऊन ऊन कुठे पडलंय त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, बस. रात्री ते पाच फोटो बघितले की कळतं कुठल्या कोपऱ्याला किती तास ऊन आहे, आणि कळतं की आपण मनात धरलं होतं त्यापेक्षा ते बरंच कमी आहे. पाच-सहा तास थेट ऊन असेल तर टोमॅटो, मिरची, वांगी, मोगरा, गुलाब, जास्वंद. तीन-चार तास असेल तर पालक, मेथी, कोथिंबीर, पुदिना, अळू, ओवा. उजेड आहे पण ऊन नाही अशी जागा असेल तर मनीप्लांट, स्नेक प्लांट, फर्न लावा आणि त्यात आनंद माना, तिथे गुलाब लावून त्याला आणि स्वतःला त्रास देऊ नका. नर्सरीत गुलाब फुललेला दिसतो कारण तो तिथे उघड्यावर वाढलेला असतो, घरी आणल्यावर आधीच्या कळ्या उमलतात आणि मग संपलं, पुन्हा कळी नाही. लोक म्हणतात माझ्या हाताला यशच नाही. हाताचा काही संबंध नाही हो, ऊन नाहीये.

आमची बाल्कनी उत्तरेची आहे, मग काहीच येणार नाही का?

येतं, पण वर्षभर सारखं येत नाही. आपण कर्कवृत्ताच्या खाली राहतो त्यामुळे मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत पुण्या-मुंबईत दुपारचा सूर्य चक्क थोडासा उत्तरेकडे असतो. दुपारी तो डोक्यावरच असल्यामुळे वरच्या मजल्याचा स्लॅब ते ऊन अडवतो, पण उन्हाळ्यात सूर्य उगवतो आणि मावळतो तेही पूर्व-पश्चिमेच्या थोडं उत्तरेला, म्हणून सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन उत्तरेच्या बाल्कनीत येतं. एप्रिल ते ऑगस्ट तिथे पुदिना, अळू, गवती चहा मजेत राहतात. हिवाळ्यात मात्र थेट ऊन शून्य.

दक्षिणेच्या बाल्कनीचं बरोबर उलटं. डिसेंबरात पुण्यात भर दुपारी सूर्य जेमतेम ४८ अंशावर असतो, त्यामुळे ऊन पार दिवाणखान्यापर्यंत आत शिरतं, आणि मे महिन्यात त्याच बाल्कनीत सावली. म्हणजे दक्षिणवाल्यांनी दिवाळी ते होळी हा भाजीचा हंगाम धरावा, मेथी, पालक, मुळा, टोमॅटो सगळं. माझ्या मते भाजीसाठी दक्षिण सगळ्यात चांगली आणि फारच थोड्या लोकांना हे माहीत असतं.

पश्चिमेचं ऊन फार कडक आहे, पानं भाजतात. काय करू?

माझीच बाल्कनी. मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत ५० टक्केवाली, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, हिरवी शेडनेट बांधा आणि कुंड्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, कारण भिंत दिवसभर तापते आणि रात्री दहापर्यंत ती उष्णता बाहेर टाकत राहते, झाडाला विसावाच मिळत नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांना बाहेरून पांढरा रंग द्या किंवा जुनं गोणपाट गुंडाळा. आणि मातीवर सुक्या पाल्याचा दोन बोटं जाड थर हवाच, उन्हाळ्यात उघडी माती ठेवू नका.

कुंडी किती मोठी घ्यायची?

पालेभाजीला खोली सहा इंच पुरते, पसरट ट्रे किंवा फळांचा थर्माकोलचा बॉक्ससुद्धा चालतो. मिरची आणि तुळशीला दहा इंच, टोमॅटो, वांगी, मोगऱ्याला किमान बारा, कढीपत्ता, लिंबू, जास्वंदीला पंधरा-अठरा. ग्रोबॅग, म्हणजे झाडं लावायची पिशवी, स्वस्त पडते, हलकी असते, पण दोन-तीन उन्हाळ्यांत फाटते. मातीची कुंडी श्वास घेते, मुळं थंड ठेवते, मात्र पाणी लवकर सुकतं आणि वजन. रंगाची रिकामी वीस लिटरची बादली स्वच्छ धुऊन, खाली पाच-सहा भोकं पाडून मी सर्रास वापरते.

भोकांवरून आठवलं, तळाला खडीचा थर घालायची गरज नाही. पाणी मातीतून खडीत सहजासहजी उतरतच नाही, खडीच्या वरच्या मातीतच साचून राहतं, आणि कुंडीची तीन इंच जागा फुकट जाते. भोकावर फुटक्या कौलाचा तुकडा किंवा मच्छरदाणीच्या जाळीचा चौकोन ठेवा, माती वाहून जात नाही आणि पाणी निघून जातं.

नुसती माती भरली तर?

जमिनीत चालते, कुंडीत नाही. कुंडीत पाणी घालून घालून ती दगडासारखी बसते, आणि काळी माती असेल तर उन्हात तिला भेगा पडतात. माझं प्रमाण साधारण असं, चार भाग लाल माती, तीन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन भाग जुनं शेणखत किंवा गांडूळखत, आणि बारा इंची कुंडीला एक मूठ निंबोळी पेंड (निंबोळ्यांचं तेल काढल्यावर उरलेला चोथा). कोकोपीटची वीट भिजवली की ते पाणी फेकून द्या आणि आणखी एक-दोनदा धुऊन पिळून घ्या, त्यात बरेचदा मीठ असतं आणि नाजूक रोपांच्या पानांच्या कडा त्यानेच करपतात. शेणखत ओलं, वास येणारं असेल तर घेऊ नका, ते कुंडीत कुजताना गरम होतं आणि मुळं जळतात. हातात घेतल्यावर चहाच्या पावडरीसारखं भुसभुशीत आणि पावसाच्या मातीचा वास, तेच खरं खत.

इतक्या कुंड्या ठेवल्या तर बाल्कनीला धोका?

हे मनापासून सांगते, दुर्लक्ष करू नका. ओली माती लिटरला साधारण दीड किलो तरी भरते, म्हणजे वीस लिटरची एक कुंडी तीस किलो. भारतीय मानकात घराच्या बाल्कनीसाठी डिझाईनचा भार दर चौरस मीटरला ३ किलोन्यूटन धरतात, म्हणजे साधारण तीनशे किलो, पण त्यात माणसं, वॉशिंग मशीन सगळंच आलं, आणि जुन्या बिल्डिंगचा स्लॅब आज कसा आहे ते आपल्याला बाहेरून दिसत नाही. म्हणून जड कुंड्या घराच्या भिंतीलगत, आतल्या बाजूला ठेवायच्या, बाहेरच्या टोकाला हलक्या. स्लॅबला खालून तडे असतील, गंज लागून सळया दिसत असतील तर आधी सोसायटीला कळवा.

आणि रेलिंगच्या बाहेर टांगलेली कुंडी नको म्हणजे नकोच. हुक कितीही मजबूत असू दे, वळवाचा वारा कसा येतो ते आपण दरवर्षी बघतो. खाली मुलं खेळतात. हँगिंग लावायचंच तर रेलिंगच्या आतल्या बाजूला.

रोज किती पाणी घालायचं?

सगळ्यात जास्त झाडं याच प्रश्नावर जातात आणि तहानेने कमी, जास्त पाण्यानेच जास्त जातात. ठरलेलं माप नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, आत ओलसर लागलं तर आज नको, कोरडं लागलं तर पोटभर घाला, म्हणजे खालच्या भोकातून थोडं बाहेर येईपर्यंत. रोज कपभर शिंपडण्यात अर्थ नाही, त्याने वरचा इंचभर थर ओला होतो आणि मुळंही वरच राहतात. अंदाज हवा असेल तर माझ्या बारा इंची कुंडीतली टोमॅटो-वांगी मे महिन्यात रोज दीड-दोन लिटर पितात आणि जानेवारीत दोन-तीन दिवसांतून एकदा पुरतं.

कुंडी उचलून बघायची सवय लावा. पाणी घातल्यावर एकदा थोडी उचलून वजन हाताला ओळखीचं करून घ्या, दोन दिवसांनी परत उचला, हलकी लागली की झालं, बोटही घालावं लागत नाही.

आता एक गोष्ट नीट बघा. गावाहून आल्यावर माती पार सुकलेली असते, ती आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटलेली असते, मध्ये नखाएवढी फट. तुम्ही पाणी घालता, ते त्या फटीतून सरळ खाली उतरतं आणि ताटलीत येतं, तुम्हाला वाटतं झाड प्यायलं, पण मधला गोळा कोरडाच. अशी कुंडी मोठ्या टबात मातीच्या वरपर्यंत बुडवून ठेवायची, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, मग काढायची. पंधरा-वीस मिनिटं लागतात.

आणि दुपारी दोनला मान टाकलेलं झाड संध्याकाळी आपोआप उभं राहत असेल तर ते नुसतं ऊन आहे, घाबरून पाणी ओतू नका. पण सकाळी सातला, माती ओली असताना जर मान टाकली असेल तर मुळं कुजायला लागलीत. तेव्हा पाणी बंद, सावलीत ठेवा, आणि काढून बघायची हिंमत असेल तर काळी मऊ मुळं कापून कोरड्या मिश्रणात लावा.

खालच्या मजल्यावाले तक्रार करतात

त्यांची बाजू बरोबर असते. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी सकाळी पाइपने पाणी घातलं आणि ते मातीसकट खालच्या काकूंच्या कुरडयांवर गेलं, वर्षभराच्या कुरडया, पहाटे चारला उठून चीक शिजवलेल्या. मी त्यांच्या बरोबर बसून पुन्हा घातल्या पण ती गोष्ट अजून मनात आहे. तेव्हापासून प्रत्येक कुंडीखाली ताटली, पाइप बंद, फक्त झारी, आणि तीही सकाळी लवकर.

ताटलीतलं पाणी अर्ध्या तासाने ओतून टाका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, महापालिकेची माणसं पावसाळ्यात घरी येऊन ताटल्याच आधी बघतात. आठवड्यातून एक दिवस सगळ्या ताटल्या घासून कोरड्या करायच्या, कारण अंडी कडेला चिकटून राहतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत.

तुळस टिकतच नाही, दर वर्षी नवीन आणावी लागते. आमच्याकडे काही दोष आहे का?

काही दोष नाही, मनात असलं काही आणू नका. तुळस बहुतेक घरात पूजेच्या पाण्याने जाते. रोज एक तांब्या, श्रद्धेने, पाऊस असो थंडी असो, आणि वृंदावन असतं आठ इंचाचं, कितीतरी वृंदावनांना खाली भोकच नसतं. माझ्या सासूबाईंना मी पाणी घालू नका असं कसं म्हणणार, म्हणून छोटी पंचपात्री आणली, पळीभर पाणी तुळशीला आणि बाकीचं शेजारच्या अळूच्या कुंडीत. त्यांनाही पटलं. हळद-कुंकू खोडाला न लावता वृंदावनाला लावायचं, दिवा आणि उदबत्ती पानांपासून हातभर लांब, दूध घालायचं नाही, त्याने बुरशी येते आणि मुंग्या लागतात.

दुसरं कारण मंजिऱ्या. तुळशीने बी धरलं की तिला वाटतं आपलं काम झालं, मग पानं बारीक होत जातात आणि खोड काष्ठासारखं होतं. मंजिरी कोवळी असतानाच शेंड्यासकट खुडा, खुडलं की खालून दोन फांद्या फुटतात. मात्र दोन-तीन मंजिऱ्या वाळू द्या आणि ते बी जून महिन्यात शेजारच्या कुंडीत चुरगाळून टाका. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तुळस पानं गाळते, काळवंडते, ते साहजिक आहे, तेव्हा पाणी कमी करून उन्हात सरकवा, फेब्रुवारीत बऱ्याचदा परत फुटते. नाही फुटली तर बियांची रोपं तयार असतातच.

कोथिंबीर उगवतच नाही

अख्खे धने टाकताय का? एका धन्यात दोन बिया असतात, चपलेने किंवा लाटण्याने हलकेच रगडून त्याची दोन शकलं करायची, रात्रभर भिजवायचं आणि अर्धा इंच खोल पेरायचं. उगवायला आठ-बारा दिवस लागतात, पाचव्या दिवशी उकरून बघू नका. डब्यातले मसाल्याचे धने जुने असले तर उगवत नाहीत, बियाण्याच्या दुकानातून पन्नास ग्रॅम आणा. रोप उचलून दुसरीकडे लावायचं नाही, मूळ सरळ खाली जातं आणि ते दुखावलेलं चालत नाही. गणपतीनंतर सुरू करा, दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरा, फेब्रुवारीपर्यंत छान येते. एप्रिल-मेमध्ये हट्ट करू नका, बोटभर वाढून फुलावर जाते.

टोमॅटोला फुलं येतात आणि गळून जातात

उन्हाळ्यात लावलाय का? दिवसा पस्तीसच्या वर गेलं आणि रात्रीही गार झालं नाही की परागकणच नीट तयार होत नाहीत, फूल गळतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात रोप लावा. वरच्या मजल्यांवर वारा आणि भुंगे कमी असतील तर सकाळी दहा-अकराला फुलांच्या देठाला टिचकी मारा, पराग आतल्या आत पडतो. फळाच्या बुडाला काळा चामड्यासारखा डाग आला तर तो रोग नाही, कधी कोरडं कधी चिखल असं पाणी दिलं की झाडाला कॅल्शियम उचलता येत नाही आणि तसं होतं, पाणी नियमित करा. एका कुंडीत एकच रोप. दोन लावली तर दोन्ही उपाशी.

मोगरा नुसता वाढतो, फूल नाही

हा माझा लाडका प्रश्न आणि लाडकं झाड. आधी ऊन तपासा, पाच तासांखाली असेल तर पुढचं वाचून उपयोग नाही. ऊन असेल तर मग छाटणी. मोगऱ्याला फूल नवीन फुटव्यावर येतं, जुन्या फांद्या ठेवून काही मिळत नाही. डिसेंबरअखेर, फार तर संक्रांतीपर्यंत, आठवडाभर पाणी तोडा, मग सगळ्या फांद्या निम्म्यावर आणा, वाळक्या बुडापासून काढा. वरची दोन-तीन इंच माती उकरून तिथे गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड भरा आणि पाणी सुरू करा. फेब्रुवारीत तांबूस-पोपटी कोंब दिसतात, मार्चमध्ये कळ्या. युरिया किंवा नत्राचं खत घालू नका, त्याने नुसतीच पानं येतात. पहिला बहर संपला की फुललेली टोकं दोन पानांसकट खुडा, महिन्याभरात दुसरा बहर.

तीन वर्षं झाली असतील तर कुंडीतून काढून बघा. मी माझा मोगरा पहिल्यांदा काढला तेव्हा माती दिसतच नव्हती, पांढरी मुळं शेवयांसारखी कुंडीच्या आकारात गोल गोल फिरलेली आणि मधे मूठभर माती. पाणी घातलं की सरळ निघून जायचं, राहायला जागाच नव्हती. बाहेरची दोन बोटं मुळं धारदार सुरीने कापली, नव्या मिश्रणात परत त्याच कुंडीत लावलं. पंधरा दिवस सावलीत रुसून बसला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये रोज संध्याकाळी ओंजळभर कळ्या.

पांढरा कापसासारखा किडा लागलाय

पिठ्या ढेकूण. जास्वंदीवर हमखास. पानाच्या बेचक्यात पहिला पांढरा ठिपका दिसला त्याच दिवशी जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा, दहा मिनिटांचं काम, आठवडा गेला तर अख्खी फांदी कापावी लागते. मग एक लिटर कोमट पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब, नीट हलवून संध्याकाळी फवारा, पानाच्या खालच्या बाजूला, दर सात दिवसांनी तीनदा. भर उन्हात फवारलं तर पानं भाजतात. मुंग्यांची रांग दिसली तर तीही थांबवा, मुंग्या गोड चिकट्यासाठी या किड्यांना सांभाळतात. मावा आणि पांढऱ्या माशीलाही हाच उपाय. मिरचीचा चुरडा-मुरडा, म्हणजे पानं आकसून वळण्याचा रोग, मात्र शेंड्यापर्यंत पोहोचला असेल तर रोप काढून टाका, बाकीची वाचवा.

कबुतरं रोपं उपटतात

मेथी-पालक उगवेपर्यंत ट्रेवर भाजीच्या क्रेटची जाळी किंवा मच्छरदाणी टाका. पूर्ण बाल्कनीला जाळी लावली तर उत्तमच.

किचनचा ओला कचरा सरळ कुंडीत टाकू का?

नको, चिलटं येतात आणि कुजताना मुळांना त्रास. दोन बादल्यांना बाजूने भोकं पाडा, एक भाग भाजीची देठं-सालं तर त्यावर दोन भाग सुका पाला, मधेमधे मूठभर जुनं खत किंवा आंबट ताक. वास आला म्हणजे ओलं जास्त झालं, पाला घाला आणि हलवा. दोन महिन्यांत तयार होतं, मग दुसरी बादली. पाला सोसायटीत झाडलोट करणाऱ्या मावशी आनंदाने देतात, नाहीतर त्याचं काय करायचं हा त्यांचाच प्रश्न असतो. महाराष्ट्रात शेतीतले प्रयोगकर्ते श्री. अ. दाभोळकर यांच्या प्रयोग परिवाराने उसाचं चिपाड, पाला आणि घरचा कचरा यांवर गच्चीत भाजी काढायचं कितीतरी वर्षांपूर्वी लोकांना शिकवलं, आपण त्याच वाटेवर आहोत. चहाचा चोथा वापरायचा तर साखर-दूध धुऊन.

आठ दिवस गावाला जायचंय

सगळ्या कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा, पोटभर पाणी, वर पाला. मोठ्यांसाठी उंच स्टुलावर बादली, त्यात सुती दोरीचं किंवा जुन्या बनियनच्या पिळलेल्या पट्टीचं एक टोक, दुसरं टोक कुंडीच्या मातीत दोन इंच पुरलेलं. निघायच्या दोन दिवस आधी लावून बघा, दोरी नायलॉनची असेल तर पाणी चढत नाही.

झाड मेलं, त्या मातीचं काय करू?

फेकू नका. मुळं काढून टाका, माती जुन्या पेपरवर पातळ पसरून तीन-चार दिवस कडक ऊन दाखवा, ढेकळं फोडा, मग तिसरा हिस्सा नवीन खत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून आठवडाभर ओलसर ठेवा. टोमॅटो गेला असेल तर त्या मातीत लगेच टोमॅटो, वांगी, मिरची लावू नका, तिघांचे रोग एकच. त्यात मेथी पेरा, महिन्याभरात भाजी निघते आणि मातीही परत मोकळी होते.